कोण आलं न्हाई?

मी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक ओट्यावर पंचा गुंडाळून बसले होते. हातात काचेची एक पट्टी होती आणि ती उन्हात धरून, एक डोळा मिटून ते बघत होते. मी नमस्कार केला. शाळेत विज्ञान शिकवायला नवीनच आलोय, वरची खोली रिकामी आहे असं कळलं, वगैरे सांगितलं. त्यांनी काच खाली न घेताच विचारलं, "कोण आलं न्हाई?"

मी मागं वळून पाहिलं. मागं रस्त्यात एक शेळी उभी होती, बाकी कोणी नव्हतं.

"मी एकटाच आलोय," मी म्हणालो.

"ते दिसून राहिलं. आलं न्हाई कोण, ते विचारलं."

म्हटलं, बायको आणि लहान मुलगी सासुरवाडीला आहेत, खोली ठरली की आणीन.

"मग तुमाला खोली दाखवून काय फायदा? चूल कुठं मांडायची, पाणी कुठून भरायचं, लेकरू कुठं निजवायचं, हे तुमी बघणार हायेत का? ज्यांना ऱ्हायचं ते तर आलेच न्हाईत. घेऊन या जा."

मी चरफडत गेलो आणि बायकोला घेऊन आलो. तिनं मोरी बघितली, खिडकी उघडून बघितली आणि "बरी आहे" म्हणाली. खोली मिळाली. त्या दिवसापासून घरमालकांच्या, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या, लेखी ती भाडेकरू होती आणि मी तिच्याबरोबर आलेलं सामान.

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आमच्या या आखाडा बाळापुरात बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची आणि इतर दिवशी गाव निवांत असायचं. डॉक्टरसाहेब सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पेशी तपासायचं शास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या बरोबरीच्यांनी शहरात बंगले बांधले, हे मात्र आपल्या गावी परत आले. खालच्या खोलीत लघवी-रक्त तपासायची छोटी प्रयोगशाळा काढली आणि खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडला. गावानं त्यांचं नाव 'काचवाले डॉक्टर' ठेवलं होतं. औषध देत नाही, सुई टोचत नाही, नाडी बघत नाही, असला कसला डॉक्टर, असं बरेच जण म्हणत. तरी ताप उतरला नाही की त्यांच्याच दारात येऊन उभे राहत.

त्यांच्याकडे पितळेचा एक पानाचा डबा होता. चांगला नक्षीदार, आत कप्पे असलेला. कोणी भेटायला आलं की तो मधोमध ठेवलेला असायचा. पाहुणा आशेनं झाकण उघडायचा आणि आत, कात-सुपारीच्या जागी, कापसात गुंडाळलेल्या काचपट्ट्या निघायच्या. "घ्या की," डॉक्टरसाहेब म्हणायचे, "ही कळमनुरीच्या एका माणसाची पित्ताची पिशवी." पाहुणा झाकण लावायचा. प्रवासाला जातानाही तो डबा त्यांच्या पिशवीत असे. विचारलं तर म्हणत, "घर उघडं टाकून गेलं तरी चालंल. माणसं कशी टाकून जाऊ?"

दुसरी गोष्ट त्यांच्या नाकाची. जन्मभर फॉर्मालिनच्या वाफेत काढल्यामुळं त्यांचं नाक कामातून गेलं होतं. फॉर्मालिन म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सडू नये म्हणून ज्यात बुडवून ठेवतात ते पाणी. त्याचा वास इतका वाईट, की आम्ही वरच्या मजल्यावर खिडक्या लावून घ्यायचो. डॉक्टरसाहेब मात्र त्यात बसून पोहे खायचे. त्यांचं दूध रोज करपायचं. ते शेजारीच सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले आणि पातेलं जळून काळं. शेवटी माझ्या बायकोनं हे काम अंगावर घेतलं. ती वरून ओरडायची, "डॉक्टरसाहेब, दूध!" आणि ते खालून म्हणायचे, "व्हय का? तुमाला कसं कळलं?" हा संवाद आमच्याकडे रोज सकाळी व्हायचा. आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा तिनं पहिल्या पाच-सहा शब्दांत "डॉक्टर, दूध!" हेही म्हटलं होतं.

पण गाव त्यांना ओळखायचं ते त्या प्रश्नामुळं. कुठंही गेले, की टेकायच्या आधी विचारायचे, "कोण आलं न्हाई?" जमलेल्यांची विचारपूस नाही, रामराम नाही. लग्नात तर त्यांनी धुमाकूळ घातला होता. आपल्याकडच्या लग्नात कोणीतरी रुसून घरी बसलेलं असतंच. त्याचं नाव काढायचं नाही, हे सगळ्या मांडवानं ठरवलेलं असतं. डॉक्टरसाहेब मांडवाच्या तोंडाशी उभे राहून भर गर्दीत विचारणार, "नवरदेवाचा थोरला काका दिसून न्हाई राहिला. काहून?" की झालं. बायका एकमेकींकडे बघायला लागायच्या, नवरदेवाचा बाप घाम पुसायचा आणि शेवटी कोणीतरी मोटारसायकल काढून त्या काकाला आणायला जायचं. काका यायचाही. त्याला तेवढंच हवं असायचं.

आमच्या शाळेत बक्षीस समारंभाला त्यांना एकदा प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मुख्याध्यापकांनी भाषणात पहिल्या आलेल्या मुलांचं कौतुक केलं. डॉक्टरसाहेब उठले आणि म्हणाले, "हे लेकरं हुशार हायेत, बराबर. पण आज आलं न्हाई कोण?" मग त्यांनी वर्गशिक्षकांकडून गैरहजर मुलांची नावं तोंडी वदवून घेतली. दुसऱ्या दिवशी मला आपल्या लुनाच्या मागं बसवलं आणि आम्ही एकेकाच्या घरी निघालो. एक मुलगा आजारी होता. एकाला नुसतीच शाळा नको होती. तांड्यावरची एक मुलगी मात्र आईबापांबरोबर ऊसतोडीला जायला निघाली होती, गाठोडं बांधून दारात बसलेली. डॉक्टरसाहेब तिच्या आजीशेजारी बाजेवर बसले, चहा प्याले आणि इतका वेळ बसून राहिले की आजीच शेवटी वैतागून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पोरीला माझ्यापाशी. पर तुमी आता उठा." ती मुलगी पुढं दहावी झाली. मुख्याध्यापकांनी डॉक्टरसाहेबांना परत कधी बोलावलं नाही.

हा प्रश्न त्यांना कुठून लागला, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. आणि कळलं ते त्यांच्या शास्त्रातूनच.

एका दुपारी त्यांनी मला गच्चीवर नेलं. समोर ज्वारीचं शेत हुरड्याला आलेलं. मधोमध माळा, आणि माळ्यावर गोफण घेऊन बसलेला एक म्हातारा.

"मास्तर, कणसं कोण खातं?"

"पाखरं."

"आज खाऊन राहिलीत का?"

"नाही. तो बसलाय ना."

"उद्या तो आला न्हाई तर?"

मी म्हटलं, उद्या शेत साफ.

"बस. कर्करोगाचं अर्धं शास्त्र एवढंच हाय. सगळं जग पाखरं मोजून राहिलं. मी माळ्याकडं बघतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पेशीला वाढायची हौस असतेच. तिला 'आता पुरे' म्हणणारी काही जनुकं असतात. ती पेशीत राखणदार तयार करतात. जनुक मोडलं किंवा हरवलं की राखणदार तयारच होत नाही आणि पेशी मोकाट सुटते. स्वादुपिंडाच्या आणि पित्तनळीच्या कर्करोगात असा एक राखणदार बरेचदा गायब झालेला सापडतो. त्याचं नाव डीपीसी-फोर. त्यातला 'डी' म्हणजे 'डिलीटेड', हरवलेला, हे सांगताना ते असे खूष व्हायचे, जसं काही बारसं यांनीच केलं होतं. आता एक रंगवायची रीत निघाली होती. राखणदार असेल तिथं पेशी तपकिरी होते, नसेल तिथं नुसती निळी राहते. हे रंगवणं मुंबईतच व्हायचं. तिथं त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. डॉक्टरसाहेब मेणात बसवलेले तुकडे बिस्किटाच्या डब्यात घालायचे, लुनावरून वारंगा फाट्याला जायचे आणि मुंबईच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हवाली करायचे. ड्रायव्हर विचारायचा, "साहब, इसमें क्या है?" हे म्हणायचे, "गाव के लोग हैं. संभाल के."

असाच एकदा मुंबईहून डबा परत आला तेव्हा मी खाली होतो. त्यांनी त्यातली एक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, खूप वेळ बघितली आणि मग बाजूला सरकून मला म्हणाले, "बघा." मला कडेनं तपकिरी पेशींची रांग दिसली आणि मध्ये वेड्यावाकड्या निळ्या पेशींचा पुंजका.

"कडंचे शाबूत हायेत, राखणदारासगट. मधले कर्करोगाचे. त्यांच्यात कोणी न्हाई."

"कुणाची आहे?"

"आमच्या मंडळीची."

त्यांची बायको मी येण्याच्या कितीतरी आधी पित्तनळीच्या कर्करोगानं गेली होती. तेव्हा ही रंगवायची रीतच नव्हती. तिचा मेणातला तुकडा त्यांनी इतकी वर्षं जपला आणि रीत निघाल्यावर पाठवला. मी न राहवून विचारलं, आता बघून काय उपयोग.

"तिच्या पंगतीत कोणी उपाशी न्हाई राहिलं, मास्तर," ते म्हणाले. "वाढायच्या आधी दारात उभी राहून विचारायची, कोण आलं न्हाई? मंग मला धाडायची बोलवायला. मला लई राग यायचा. ती गेल्यावर वाटलं, तिच्याच अंगातून कोण निघून गेलं, ते आपल्याला ठाऊक पायजे." मग काच पुसून त्यांनी पानाच्या डब्यात ठेवली. मी वर आलो आणि त्या दिवशी बायकोशी उगाच भांडलो नाही.

आता माझ्या आईचं सांगतो, कारण डॉक्टरसाहेबांचं सगळं वेड त्यात आहे.

आम्ही मेंढरंवाले. माझं गाव औंढ्याच्या बाजूला. वडील लवकर गेले. आईनं तिच्या भावाच्या, म्हणजे माझ्या मामाच्या, आधारानं मेंढरं राखून मला शिकवलं. एक दिवस मामा तिला घेऊन आला. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि अंगाला खाज सुटली होती. नांदेडला नेलं. तिथं यंत्रानं पोटाचं चित्र काढल्यावर स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ दिसली. सर्जन म्हणाले, कर्करोग असावा, पण नुसती सूजही असू शकते. सुईनं तुकडा काढला, बाटलीत घातला आणि म्हणाले, तपासून आणा. मी आईजवळ थांबलो. बाटली डॉक्टरसाहेबांकडे पोचवायला मामाला दिली.

मामा दुसऱ्या दिवशी पोचला. डॉक्टरसाहेबांनी तुकडा मेणात बसवला, कापला, बघितला आणि मला सांगितलं, "नमुना खराब हाय. ह्याच्यावरून मी काहीच म्हणणार न्हाई. स्वादुपिंड लई वंगाळ जात, बाहेर काढलं की सोताच सोताला पचवतं. मुंबईला पाठवून बघू." डबा वारंगा फाट्यावरून गेला.

त्यांचा विद्यार्थी तेव्हा परदेशी होता. मुंबईहून कोणा नवख्यानं कागद धाडला, तोही थेट नांदेडला, फॅक्सनं. 'राखणदार प्रथिन आढळले नाही. कर्करोगाशी जुळते.' सर्जननी आम्हाला समोर बसवून सांगितलं. आता मोठं ऑपरेशन करावं लागेल, त्यातून उठण्याची खात्री नाही, उठल्या तरी किती दिवस ते सांगता येत नाही. मामानं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मला घरी ने. फाडून मरायचं न्हाई मला."

तिला आम्ही गावी आणलं. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आईनं आपली वाटणी सुरू केली. चांदीच्या पाटल्या माझ्या बायकोला, दुधाची शेळी चुलतीला, आणि तिची काळी घोंगडी, जी तिनं स्वतः कातलेल्या लोकरीची विणून घेतली होती, ती मावशीला. मला ते बघवेना. मी बाळापूरला आलो, डॉक्टरसाहेबांना कागद दाखवला आणि त्यांच्यासमोर लहान पोरासारखा रडलो.

त्यांनी कागद हातातही घेतला नाही. "कागदाचं काय बघायचं? काच कुठंय?"

"मुंबईला."

"आईचा निकाल काचेवर हाय. कागदावर त्या पोराचं अक्षर हाय."

एसटीडी बूथवरून ते मुंबईच्या त्या नवख्याशी असे बोलले की बूथवाल्यानं पंखा बंद करून कान दिला. काच ट्रॅव्हल्सनं आली. फाट्यावर ते स्वतः उभे होते. सकाळच्या उजेडात त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, माझ्यासमोर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी डोळा काढला आणि पानाचा डबा उघडला. आपल्या बायकोची काच काढली आणि पहिली ती ठेवली.

"बघा. हे लग्न झालेलं हाय. सगळे वऱ्हाडी आलेत, कडंनी बसलेत, तपकिरी. फक्त नवरदेवाचं घर रिकामं. म्हंजी हितं राखणदार खरंच गेला." मग आईची काच ठेवली. "आता ही."

मी बघितलं. सगळं निळं. कडेला निळं, मध्ये निळं, रक्तवाहिनीच्या भिंतीतही निळं.

"कोण आलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"चांगल्या पेशीतबी न्हाई?"

"कुठंच नाही."

"मास्तर, लग्नात कोणीच आलं न्हाई, म्हंजी काय झालं?"

मी परत काचेत डोळा घातला.

"आमंत्रणच पोचलं न्हाई!" ते टेबलावर हात आपटून ओरडले. "रंग चढलाच न्हाई. चांगल्या पेशीनं हजेरी दिली न्हाई, तर वाईट पेशीच्या गैरहजेरीला काय किंमत? तुमच्या आईला कर्करोग हाय का न्हाई, हे कोणालाच ठाऊक न्हाई अजून. मामाला बोलवा."

मामा आला. डॉक्टरसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, तो जमिनीवरच बसला. "मामा, नांदेडहून ती बाटली घेऊन तुमी कुठं कुठं गेल्ते?"

मामानं टोपी काढली. "औंढ्याला गेल्तो, सायेब. नागनाथाला."

"आणि?"

"त्या बाटलीला लई घाण वास येत व्हता. डोळ्यातून पानी काढी. माज्या भनीच्या अंगातला तुकडा, त्यो असल्या घाणीत कसा ठिऊ? सांडून दिलं ते. बाटली धुतली आन् नागनाथाचं तीर्थ भरलं. रातभर देवापाशी ठिवली, सकाळी हितं आणली." मग तो घाबरून आमच्या दोघांकडे बघायला लागला. "काहून, काई चुकलं का माजं?"

मला मामाचा गळा धरावासा वाटला. तोंड उघडणार तोच डॉक्टरसाहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. आपल्या नाकावर बोट ठेवून ते म्हणाले, "तुमचं काई न्हाई चुकलं, मामा. हे मेलंय माझं. दुसरा कोणी असता तर बूच उघडताच म्हणाला असता, औषधाचा वास कुठंय? मी तसंच मेणात घातलं." मग हसायला लागले. "तीर्थ आईला पाजायचं. तुकड्याला न्हाई. तुकड्याला ती घाणच लागती."

मामा म्हणाला, "मंग आता?"

"आता परत सगळ्यांना आवतन."

आईला परत नांदेडला न्यायचं म्हटल्यावर घरात कोणी तयार होईना. एकदा टोचलं, परत कशाला तकलीफ, सुखानं जाऊ द्या. तेव्हा डॉक्टरसाहेब स्वतः लुनावर आमच्या गावी आले. आईच्या बाजेशेजारी बसले. ती तोंडावरून पदर घेऊन पडली होती.

"माय, तुमी सगळं वाटून टाकलं म्हणे."

"व्हय, सायेब. आता काय कामाचं?"

"घाई झाली. तुमची काच अजून कोणी वाचलीच न्हाई. एकदा वाचू द्या मला. त्यात कर्करोग निघाला, तर मी सोता तुमाला घरी आणून सोडतो. पण न वाचताच मरू नका."

आई उठून बसली. सर्जनना फोन करून त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्या भल्या माणसानं कपाळाला आठी न घालता परत तुकडा काढला. या खेपेला बाटली डॉक्टरसाहेबांच्या मांडीवर होती. नांदेड ते बाळापूर, एसटीत, दोन्ही हातांनी धरलेली. मामा शेजारी बसून वर्दी देत होता, "येतोय सायेब, वास येतोय. अजून येतोय." कंडक्टर खिडक्या उघडा म्हणून ओरडत राहिला आणि बसमधले लोक नाकाला रुमाल लावून आमच्याकडे खाऊ का गिळू बघत होते. मला तो वास त्या दिवशी अत्तरासारखा वाटला.

मुंबईहून काच परत आली. परदेशातून परतलेल्या विद्यार्थ्यानं स्वतः रंगवली होती. आईला आम्ही बाळापूरलाच ठेवून घेतलं होतं, तीही शेजारी बसली होती. डॉक्टरसाहेबांनी मला आधी बघू दिलं. सगळीकडे तपकिरी. कडेला तपकिरी, मधल्या वाकड्यातिकड्या ग्रंथीतही तपकिरी, आणि सूज आलेल्या जागी दाटीवाटीनं बसतात तसल्या पेशींची गर्दी.

"सगळे आले!" मी ओरडलो.

"हरखून जाऊ नका. राखणदार जागेवर हाय म्हणून चोरी झालीच न्हाई, असं न्हाई. काही कर्करोगात तो असूनबी उपेग न्हाई ऱ्हात. पण ह्या पेशी मला चोराच्या दिसून न्हाई राहिल्या. सुजीच्या दिसतात. एक आजार असाच हाय, अंगच अंगावर उठतं, गाठ करतं, कर्करोगाचं सोंग घेतं. गोळ्यांनी विरघळतो. सर्जनना सांगून पंधरा दिवस गोळ्या देऊ. गाठ हालली न्हाई, तर मात्र ऑपरेशनला न्हाई म्हणायचं न्हाई. बोला, माय."

आई म्हणाली, "तुमी वाचलं ना? मंग द्या गोळ्या."

ते पंधरा दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मामा रोज औंढ्याला जाऊन तीर्थ आणायचा आणि प्रामाणिकपणे आईलाच पाजायचा. माझी बायको सकाळी आईला उजेडात बसवून तिचे डोळे बघायची. एक दिवस ती म्हणाली, "पांढरे वाटतात." मी म्हटलं, तुला वाटतात. दुसऱ्या दिवशी आईनं भाकरी मागितली, वर ठेचा मागितला. नांदेडला परत चित्र काढलं. सर्जननी दोन्ही चित्रं उजेडावर लावली, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि मग आमच्याकडे वळून खुर्चीत बसले. गाठ निम्म्याहून कमी झाली होती. डॉक्टरसाहेबांनी आईची काच पानाच्या डब्यात आपल्या बायकोच्या काचेशेजारी ठेवली, आणि मी ते आईला सांगितलं.

घरी आल्यावर आईनं पहिलं काय केलं असेल तर मावशीच्या गावी जाऊन घोंगडी परत आणली. शेळीही आणली. माझ्या बायकोनं पाटल्या न मागता काढून दिल्या. आई म्हणाली, "तू ठेव. तुजा डोळा चांगला हाय." या गोष्टीवरून मावशी पुढं बरेच दिवस बोलत नव्हती.

मामानं नवस केला होता. हिवाळ्यात शेतात रोडग्याचं जेवण घातलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि तुपाची धार. नांदेडचे सर्जन आले, मुख्याध्यापक आले, तांड्यावरची ती आजी नातीला घेऊन आली, फाट्यावरचा ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हरही आला. मावशी सोडून सगळे. डॉक्टरसाहेब लुनावरून उतरले, पंगतीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मामानं त्यांना बोलूच दिलं नाही. "भनीला आणायला पोरगं गेलंय, सायेब. बसा तुमी." आणि खरंच, थोड्या वेळानं मावशी आली, फुगलेली, पण आली.

पत्रावळी मांडल्या. डॉक्टरसाहेब पिशवी मांडीशी घेऊन बसले. आई वाढायला उभी राहिली, खांद्यावर ती काळी घोंगडी. ती सरळ डॉक्टरसाहेबांपुढं आली आणि म्हणाली, "सायेब, कोण आलं न्हाई?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते गडबडले. इकडंतिकडं बघितलं. "सगळे आलेत की, माय."

"माज्या शेजारची बाई कुठंय?" आई म्हणाली. "तुमच्या डब्यात जिच्या बाजूला माजी काच ठिवली, ती. तिच्यावरून तुमी माजी वळखली. ती आली न्हाई."

आईनं त्यांच्या शेजारी आणखी एक पत्रावळ मांडली, तिला हळदीकुंकू वाहिलं, रोडगा ठेवला, तूप वाढलं. डॉक्टरसाहेबांनी पिशवीतून पानाचा डबा काढला, कापूस बाजूला केला आणि ती काच अलगद उचलून उन्हात धरली. आयुष्यभर एक डोळा मिटून बघणारा हा माणूस त्या दिवशी दोन्ही डोळ्यांनी बघत होता, आणि दोन्हींतून पाणी वाहत होतं.

मग त्यांनी काच त्या पत्रावळीशेजारी ठेवली, हात पुसले आणि आईला म्हणाले, "आता आले सगळे. वाढा."